वळणावरची रांग : कार्ल्याच्या खांबांपासून संगणकापर्यंत

लोणावळ्याजवळचे कार्ल्याचे चैत्यगृह आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. आत डाव्या-उजव्या बाजूंना प्रत्येकी 15 खांब सरळ ओळीत आहेत आणि स्तूपामागे आणखी 7 खांब अर्धगोलात वळतात. 37 खांबांची ही एकच रांग. पण तिची वाट सरळ नाही. संगणकावर आराखडे काढावयास शिकणाऱ्या आमच्या तेलगाव परिसरातील विद्यार्थ्यांना अशीच रांग अडवते. म्हणून हा लेखप्रपंच.

पॅरामेट्रिक कॅडमध्ये चित्र मापांना बांधलेले असते. माप बदलले की चित्रही बदलते. एक खांब तयार करावयाचा, वाटेची रेषा दाखवावयाची, नग व अंतर सांगावयाचे. बाकीचे खांब संगणक मांडतो. सॉलिडवर्क्समध्ये यास कर्व्ह ड्रिव्हन पॅटर्न म्हणतात, मोफत मिळणाऱ्या फ्रीकॅडमध्ये पाथ अ‍ॅरे. बटण कोणीही दाबील. त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे आपणच द्यावी लागतात.

पहिला प्रश्न, नग किती? समजा, विहारापुढील ओट्याला लोखंडी कठडा करावयाचा आहे. दोन्ही बाजू 3 मीटर सरळ, समोर 2 मीटर त्रिज्येचा अर्धगोल. एकूण लांबी 3 + 6.28 + 3, म्हणजे 12.28 मीटर. दोन गजांच्या मध्यांतील अंतर 12 सें.मी.पेक्षा जास्त नको असेल तर 103 गाळे पडतात, प्रत्येकी सुमारे 11.9 सें.मी.चे. गज मात्र 104 लागतात. उघड्या वाटेवर गाळ्यांपेक्षा नग एकाने जास्त असतो. कार्ल्यातही खांब 37, गाळे 36. पूर्ण गोलात दोन्ही सारखे.

दुसरा प्रश्न, अंतर कोणत्या रेषेवर मोजावयाचे? गज प्रत्यक्ष उभे राहतील त्याच रेषेवर. ओट्याच्या कडेवर मोजले आणि गज 10 सें.मी. आत घेतले, तर अर्धगोलाची लांबी 31 सें.मी.ने घटते. म्हणजे अडीच गाळ्यांचा हिशेब चुकला!

तिसरा प्रश्न, तोंड कोणीकडे? गोल गजाला हा प्रश्न नाही. चपटी पट्टी असेल तर ती स्पर्शिकेप्रमाणे वळवावी, असे संगणकास सांगावे लागते. न सांगितल्यास अर्धगोलाच्या मध्यावरची पट्टी वाटेला आडवी उभी राहते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कार्ल्यातील स्तूपामागचे 7 खांब साधे अष्टकोनी आहेत; त्यांना तळखडा नाही, शीर्षही नाही. तेथे एकाच खांबाच्या प्रती चालणार नाहीत. नमुने दोन घ्यावे लागतील. संगणक पहिल्या नगाची हुबेहूब नक्कल करतो, त्यातील चुकीसह. पहिल्या गजात चूक राहिली तर ती 104 वेळा उमटेल.

विहाराचे काम समाजाच्या वर्गणीतून होते. मजुरीच्या पैशातून दिलेल्या त्या वर्गणीचे लोखंड भंगारात जाऊ नये. म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच की, आधी कागदावर हिशेब मांडा, पहिला नग तपासा आणि मगच संगणकास हुकूम द्या.