कल्याणहून पूर्वेस : एका घाटवाटेची हकिगत

अंबरनाथच्या पूर्वेस असलेल्या पालेगावात पहाटे उभे राहिले, म्हणजे एका अंगास मलंगगडाचा दंतुर माथा आणि दुसऱ्या अंगास, पाऊस नुकताच उघडला असेल तर, क्षितिजावर निळसर रेघेसारखा पसरलेला सह्याद्री दिसतो. आणि भातखाचरांच्या जागी अलीकडे उभ्या राहिलेल्या उंच इमारतींनी ही दृष्टी पुष्कळशी अडवली असली, तरी ती रेघ दिसली की मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, की या भिंतीपलीकडच्या मुलखाशी आपल्या या खाडीकाठच्या प्रांताचे दळणवळण कोणत्या वाटेने होत आले असेल. शेजारच्या बदलापुराचे नावच मुळी प्रवासातून आले असे जुनी माणसे सांगतात: शिवकालात येथे घोडे बदलीत, म्हणून ते बदलापूर. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीस ही कथा उतरो वा न उतरो, हा टापू मुक्कामाचा नसून मार्गाचा आहे, ही लोकांची जाणीव तीत शाबूत राहिली आहे.

ज्या रस्त्याची हकिगत येथे सांगावयाची आहे, तो पालेगावास स्पर्श करीत नाही. उल्हासनगर ओलांडून शहाडला जावे, अथवा बदलापुरावरून बारवी धरणाच्या कडेने थेट मुरबाड गाठावे. दोन्ही वाटांनी तो भेटतो. शासकीय दफ्तरात तो बराच काळ राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 222 होता. कल्याणजवळ निघून मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), पाथर्डी, माजलगाव, पाथरी, मानवत, परभणी, वसमत, नांदेड, भोकर आणि भैंसा असा सुमारे 600 किलोमीटरांचा पल्ला काटून तो तेलंगणातील निर्मळ येथे पोहोचत असे. 2010 साली देशभरच्या महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम अंक लाभले, आणि याचा क्रमांक 61 झाला. नगर आणि बीडकडील लोक मात्र क्रमांकांच्या भानगडीत न पडता त्यास ‘कल्याण-विशाखापट्टणम’ म्हणतात. मला हे लोकांचे नाव सरकारी आकड्यापेक्षा अधिक खरे वाटते, कारण पश्चिम समुद्राच्या एका बंदरास पूर्वेकडील मुलखाशी जोडण्याची जी आकांक्षा या रस्त्याच्या मुळाशी आहे, ती या नावात जशीच्या तशी उतरली आहे.

ही आकांक्षा किमान 2000 वर्षांची आहे. मुरबाड आणि टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्यापाशी आले, म्हणजे उजव्या हातास नाणेघाटाची खिंड दिसते. सातवाहन काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे आणि तेथून प्रतिष्ठानाकडे, म्हणजे पैठणकडे, जाणारा माल याच खिंडीतून चढत असे. माथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा प्रदीर्घ ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची आणि त्या यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांच्या दक्षिणेची मोजदाद आहे, आणि ती मोजदाद आकड्यांत दिलेली असल्यामुळे भारतीय अंकलेखनाच्या प्राचीनतम साधनांत या लेखाची गणना होते. त्याच भिंतीवर सिमुक सातवाहन, सातकर्णी, नागनिका आदींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज प्रतिमा नष्ट झाल्या आहेत, पायांचे अवशेष आणि वरची नावे तेवढी उरली आहेत. राजकुलाने आपल्या प्रतिमांसाठी राजधानीतील प्रासाद न निवडता घाटमाथ्यावरचे हे उताराचे ठिकाण निवडावे, जेथून येणारा-जाणारा प्रत्येक सार्थवाह त्यांच्या समोरून गेल्यावाचून राहणार नाही, याचा विचार केला म्हणजे त्या राज्यात या वाटेचे मोल काय होते हे ध्यानात येते. खिंडीच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, अशी परंपरा आहे.

पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख येतो तो मात्र विषादाचा आहे. पूर्वी कायदेशीर बाजारपेठ असलेल्या या बंदरात पुढे सत्तांतर झाले, आणि चुकून तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जाऊ लागली. याच ग्रंथात पैठण आणि तेर येथील माल गाड्यांवरून भडोचला जात असल्याचे नमूद आहे. बंदर बंद पडले की घाट ओस पडतो आणि घाट अडला की बंदर सुकते, हे या मार्गाचे तेव्हापासूनचे प्राक्तन आहे.

पुढे शिलाहारांच्या अमलात वालधुनीच्या काठी अंबरनाथाचे शिवमंदिर उभे राहिले. तेथील शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा आहे. या प्रांतात इतके सूक्ष्म शिल्प घडविण्याइतके वैभव होते, त्यात घाटावरून उतरणाऱ्या व्यापाराचा हिस्सा असला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

सतराव्या शतकातील एक प्रवासी येथे आठवतो. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर 1675 च्या उन्हाळ्यात जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून निघाला, कल्याणच्या भग्न इमारती पाहत मुरबाडास आला, आणि तेथून वाट चुकून एका भलत्याच दुर्घट घाटाने वर चढला. परतताना तो नाणेघाटाने उतरला, तेव्हा ही वाट जवळची आणि सोपी असल्याचे त्यास कळले. वैशाखातले ऊन, तापलेला कातळ आणि परका मुलूख यांनी गांजलेल्या त्या वैद्याची ही हकिगत वाचताना जाणवते, की सह्याद्रीत घाट पुष्कळ असले तरी योग्य घाट कोणता, हे ज्यास ठाऊक तोच खरा वाटसरू.

योग्य घाट कोणता, हाच प्रश्न पुढे पावणेदोनशे वर्षांनी आगगाडीच्या अभियंत्यांपुढे उभा राहिला, आणि या रस्त्याच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक वळण, माझ्या मते, ते हेच. मुंबईहून दख्खनमध्ये लोहमार्ग न्यावयाचा तर सह्याद्री चढणे प्राप्त होते, आणि आरंभीच्या योजनेत त्यासाठी माळशेज घाट धरला होता. ग्रेट इंडियन पेनिनशुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने डोंगररांगेची कसून पाहणी केल्यानंतर ती योजना मागे पडली, आणि थळ व बोर या दोन घाटांची निवड झाली. 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्यापर्यंत धावलेली गाडी 1 मे 1854 रोजी कल्याणास आली. 1856 मध्ये कल्याणच्या दक्षिणेकडील फाटा अंबरनाथ-बदलापुरावरून खोपोलीपर्यंत गेला. 1863 साली बोरघाट आणि 1865 साली थळघाट रुळांनी चढला. कल्याणास दोन फाटे फुटले, एक ईशान्येस आणि एक आग्नेयेस. मधली पूर्व दिशा, जी नागनिकेच्या काळी राजमार्गाची दिशा होती, ती कोरी राहिली.

आम्हा अंबरनाथकरांस या निर्णयाचे फळ मिळाले. रूळ होते म्हणून कारखाने आले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार मांडले, आणि 1949 मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. पालेगावच्या शिवारावर आज जी वस्ती दाटते आहे, तिचा उगमही अखेर त्या रुळांतच आहे. उलटपक्षी मुरबाड तालुका, कल्याणपासून अवघ्या 30 किलोमीटरांच्या अंतरावर असून, रेल्वेची कैफियत पिढ्यान्‌पिढ्या मांडीत राहिला. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी 2 जानेवारी 1943 रोजी ज्या सिद्धगडाच्या रानात देह ठेवला, तो याच तालुक्यात आहे. देशास इतके देणाऱ्या या रयतेच्या पदरी दळणवळण म्हणून केवळ हा एक रस्ता आला, याची खंत मला वाटते, आणि या रस्त्याविषयी लिहिण्यास मी प्रवृत्त झालो तो त्या खंतीमुळेच.

आगगाडीने नाकारलेला माळशेज मोटारीने मात्र आपलासा केला. शहाड सोडल्यावर रायते येथे उल्हास नदी ओलांडावी, गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे अशी गावे मागे टाकावीत, आणि मोरोशीच्या पुढे काळ्या बेसॉल्टच्या कड्याखालून नागमोडी चढ चढावा. श्रावणात या कड्यावरून इतके धबधबे कोसळतात की मुंबई-ठाण्याकडचा माणूस केवळ ते पाहण्यास येतो. परंतु रात्रीच्या अंधारात जुन्नर-ओतुराचा भाजीपाला घेऊन कल्याणच्या बाजाराकडे उतरणाऱ्या चालकास तेच पाणी दरडीचे भय दाखविते. पाणी बेसॉल्टच्या भेगांत शिरते, सैल झालेले धोंडे निसटतात, आणि घाट बंद पडतो. कित्येक शहरांच्या स्वयंपाकघरांचा या एका कड्यावर भरवसा आहे, ही गोष्ट पर्यटनाच्या उत्साहात विसरली जाते. माथ्यावर खुबीफाट्याशी पोहोचले की हरिश्चंद्रगडाचा पहाड समोर येतो, पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय पसरतो, हवा पालटते, आणि भात मागे पडून बाजरी व कांदा सुरू होतो.

पुढील मार्ग मी थोडक्यात सांगतो. आळेफाट्यास पुणे-नाशिक रस्ता छेदून आपली वाट टाकळी ढोकेश्वरावरून नगरास जाते. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, ती याच नगर आणि पुणे यांच्या दरम्यान. पाथर्डीनंतर अवर्षणाचा मुलूख लागतो; दिवाळी सरताच बैलगाड्या आणि ट्रक भरून ऊसतोड मजूर येथून बाहेर पडतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मग बीडची हद्द येते. 1948 पर्यंत ही साधी जिल्ह्याची हद्द नव्हती; एका अंगास मुंबई इलाखा, दुसऱ्या अंगास निजामाचे राज्य, आणि मध्ये त्याचे करोडगिरी नाके, जेथे मालाची झडती होऊन महसूल वसूल होई. हैदराबाद मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी या नाक्यांवर हल्ले चढविले, ते हे नाके रयतेस सत्तेचा सर्वांत जवळचा आणि सर्वांत जाचक चेहरा वाटत म्हणून. आज गाडी तेथून वेग कमी न करताही निघून जाते. ढालेगावापाशी गोदावरी ओलांडली की पाथरी, मानवताची कापसाची पेठ, कृषी विद्यापीठाचे परभणी, आणि मग पुन्हा गोदाकाठी नांदेड, जेथे 1708 मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि जेथे आजही पंजाबपासूनचे यात्रेकरू हुजूर साहिबच्या दर्शनास येतात.

भोकर सोडल्यावर सागाची झाडी लागते आणि राज्य बदलते. पाट्यांवरील लिपी तेलुगू होते. परंतु भैंशाच्या बाजारात उतरावे, तर भाव मराठीत ठरताना ऐकू येतो. हा मुधोळ तालुका 1956 च्या पुनर्रचनेपर्यंत नांदेड जिल्ह्यात होता. हद्द हलली, माणसे आणि त्यांची बोली जेथल्या तेथे राहिली. बासरच्या सरस्वतीला मुलांना अक्षर गिरविण्यास नेणाऱ्या नांदेडकडील कुटुंबांना ही सरहद्द क्वचितच जाणवत असेल. भैंशाहून निर्मळ जवळच आहे, आणि हलक्या पांढऱ्या लाकडाची रंगीत खेळणी घडविणाऱ्या त्या गावच्या कारागिरांचा माल याच रस्त्याने पश्चिमेस, कल्याणच्या दिशेने निघतो.