बोट म्हणते, ‘टक्!’

परभणी जिल्ह्याच्या दक्षिणेकडून गोदावरी वाहते. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतली कितीतरी गावं तिच्या काठी आहेत. वर पैठणच्या जायकवाडी धरणातून मोठं पाणी सुटलं, की हीच नदी बघता बघता शेतात शिरते. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यानं असा पूर पुन्हा अनुभवला. अशा वेळी अडकलेल्या माणसांना आणायला बचाव पथकाच्या बोटी लागतात.

आता विचार करा. माणसं बोटीत बसली, दोर सोडला, बटण दाबलं आणि इंजिनानं नुसतं ‘टक्’ केलं! रस्त्यात मोटारसायकल बंद पडली तर ती जागच्या जागी उभी राहते. बोट मात्र प्रवाहाबरोबर वाहत जाते. म्हणून हा ‘टक्’ नीट समजून घेऊ या.

बाहेरचं इंजिन

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेल्या इंजिनाला ‘आउटबोर्ड’ म्हणतात. छोटी इंजिनं दोरी ओढून सुरू करतात, मोठ्यांना बहुधा बटण असतं. बटण दाबलं की बॅटरीच्या विजेवर एक छोटी पण ताकदवान मोटर फिरते आणि इंजिनाला पहिला धक्का देते. हीच ती मोटर, जिला आपले मेकॅनिक ‘सेल्फ’ म्हणतात. तुमच्या घरच्या मोटारसायकलीत किंवा ट्रॅक्टरमध्येही ती असते.

सेल्फला शंभर अँपिअर किंवा त्याहूनही जास्त करंट लागू शकतो. एवढा करंट त्या चिमुकल्या बटणातून नेला, तर बटण जळून जाईल! म्हणून मध्ये सोलेनॉइड असतं. बटणाच्या थोड्याशा करंटनं त्यात चुंबक तयार होतो, तो आतली जाड पट्टी ओढतो आणि मोठा रस्ता जोडला जातो. तोच आवाज ‘टक्’!

दिवा लागतो, मग सेल्फ का फिरत नाही?

इथंच भलेभले फसतात. “दिवा लागतोय, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे. सेल्फच गेला!” असं म्हणून नवा सेल्फ आणतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचते, ती पाहिली आहे? समजा, तिथं फक्त ०.०५ ओहम अडथळा झाला. दिव्याला लागतात २ अँपिअर. २ × ०.०५ = ०.१ व्होल्ट. एवढं कमी झाल्यानं दिव्याला काहीच फरक पडत नाही. पण सेल्फनं १०० अँपिअर ओढायचे म्हटले, तर १०० × ०.०५ = ५ व्होल्ट! बारातले पाच वाटेतच गेले. उरलेल्या सातांत सेल्फ कसा फिरणार? शेतातल्या पाइपात कचरा अडकला, तर पेलाभर पाणी येतं, पण पाट भरत नाही. अगदी तसंच हे आहे.

आधी आवाज ऐका

काहीच आवाज नाही: गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? गिअर टाकलेला असेल, तर सेल्फ फिरू नये अशी सोय असते. मग फ्यूज आणि ढिली वायर पाहा.

टक-टक-टक-टक: बॅटरी उतरली असावी. सोलेनॉइड ओढतं, व्होल्टेज पडतं, ते सुटतं, पुन्हा ओढतं!

एकच ‘टक्’: टर्मिनल, अर्थिंगची वायर, सोलेनॉइड आणि मग सेल्फचे कार्बन, या क्रमानं तपासा.

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेटत नाही: सेल्फ निर्दोष! चालकाच्या अंगाला अडकवायची लाल दोरी स्विचवर नीट बसली आहे का, ते पाहा. ती निसटली की इंजिन बंद व्हावं, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर बोट पुढे पळत नाही, यासाठी ती असते. त्यानंतर पेट्रोल आणि स्पार्क प्लग.

मीटर असेल तर काम आणखी सोपं. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बटण दाबल्यावर आकडा दहाच्याही बराच खाली गेला, तर बहुधा बॅटरी कमजोर. आकडा बारावरच राहिला आणि सेल्फ फिरला नाही, तर वीज वाटेत कुठंतरी अडली आहे.

हे मोठ्यांनीच करायचं

टर्मिनल सोडवताना आधी वजा (−), जोडताना वजा शेवटी. नाहीतर अधिक (+) टर्मिनलवरचा पान्हा धातूला टेकला, की मोठी ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेजारी पेट्रोल असतं, म्हणून काडी पेटवून बघायचं नाही. आणि इंजिनाचा खालचा भाग पाण्यात असल्याशिवाय ते चालवायचं नाही. त्याला थंड ठेवणाऱ्या पंपाचं रबरी चाक कोरडं फिरलं, तर लगेच खराब होतं.

ही तपासणी पुरात नव्हे, मे महिन्यात करायची. आणि कुठल्याही दिवशी आधी इंजिन सुरू करायचं, मगच काठाचा दोर सोडायचा. वल्ही आणि लाइफ जॅकेटं बोटीत हवीतच.

करून पाहा

दोन सेलची टॉर्च घ्या. मित्रानं तुमच्या नकळत एकच बिघाड करायचा: सेल उलटा घालायचा, सेलच्या टोकाला कागदाचा कपटा लावायचा किंवा बल्ब ढिला करायचा. तुम्ही अंदाजानं काही बदलायचं नाही. सेलपासून बल्बपर्यंत विजेची वाट एकेक टप्प्यानं तपासायची. किती मिनिटांत बिघाड सापडतो, ते घड्याळ लावून पाहा. मग पाळी मित्राची!