निखाऱ्यावर कोंबडी भाजताना
परसात कोंबडी भाजताना पुष्कळजण तुकडे ज्वाळेवरच धरतात. त्यामुळे कातडी करपते; हाडालगतचे मांस मात्र कच्चे राहते. त्यात साल्मोनेला जंतू असल्यास ते जिवंत राहून जुलाब व ताप यांस कारण होतात. म्हणून कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत थांबावे. निखारे एका बाजूस दाट ठेवावेत; चरबी गळून जाळ उठल्यास सळई विरळ बाजूस सरकविता येते. मांडीच्या जाड भागात, हाडास न लागेल असा, उष्णतामापक खुपसावा. ७४ अंश सेल्सिअस भरल्यास मांस शिजले असे समजावे. नुसत्या रंगावर विसंबू नये. ग्रामसेवकांनी प्रात्यक्षिकासाठी असा उष्णतामापक जवळ बाळगावा. कच्च्या मांसाच्या ताटात भाजलेले तुकडे काढू नयेत. जाणत्या घरांतूनही हे घडते. मुरवणाचा उरलेला मसाला वरून लावावयाचा असल्यास आधी उकळून घ्यावा.