गाव सुटले, आडनाव राहिले

आडनावाविषयी आपल्या समाजात दोन टोकांच्या वृत्ती आढळतात. एक, आडनावात कुळाचा सारा प्रताप साठविलेला आहे असे मानून त्याचा टेंभा मिरविणारी. दुसरी, नावात काय आहे, असे म्हणून प्रश्नच झटकून टाकणारी. दोन्ही वृत्तींच्या मुळाशी एकच समज आहे. तो असा की, आडनाव ही अनादि काळापासून रक्ताबरोबर चालत आलेली वस्तू आहे. वस्तुस्थिती तशी नाही. जुन्या मराठी कागदपत्रांतली माणसे पुष्कळदा स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि हुद्दा एवढ्यावरच ओळखली जातात. पेशवे घराण्याचे मूळ पुरुष इतिहासाला बाळाजी विश्वनाथ म्हणून ठाऊक आहेत. त्यांचे भट हे आडनाव मुद्दाम सांगावे लागते. पुढे 'पेशवे' हा हुद्दाच वंशजांचे आडनाव झाला. सर्वांना एकच एक, न बदलणारे आडनाव असले पाहिजे ही गरज शाळेच्या, कोर्टाच्या आणि कचेरीच्या दप्तराने निर्माण केली. म्हणून आडनावाकडे कुळाची वंशावळ म्हणून न पाहता आर्थिक व्यवहाराचा एक दस्तऐवज म्हणून पाहणे अधिक उद्‌बोधक ठरेल.

वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या रेडीचेच उदाहरण घेऊ. बदामीच्या चालुक्यांच्या ऐहोळे येथील इ. स. ६३४ च्या शिलालेखात मंगलेशाने रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख आहे, आणि ते रेवतीद्वीप म्हणजेच आजचे रेडी, असे अभ्यासकांनी मानले आहे. तेराशे-चौदाशे वर्षांच्या वापराने गावाचे नाव झिजून दोन अक्षरांवर आले. त्या दोन अक्षरांना 'कर' जोडला की रेडकर हे आडनाव तयार होते. परंतु रेडीत राहणाऱ्याला रेडकर म्हणण्याने काय साधणार? तेथे सगळेच रेडीचे. गावात माणूस ओळखला जातो तो वाडीवरून, घरावरून, धंद्यावरून किंवा बापाच्या नावावरून. तो खाडी ओलांडून गेला, दुसऱ्याच्या पेढीवर किंवा मुंबईच्या गिरणीत उभा राहिला, म्हणजे 'तू कुठला?' हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर त्याच्या नावाला चिकटते. आज रेडीतही रेडकर भेटतील; परंतु या प्रकारच्या नावाचा उपयोग सुरू होतो तो वेशीबाहेर. शिरोड्याचे शिरोडकर, आरोंद्याचे आरोंदेकर, परुळ्याचे परुळेकर, तेंडोलीचे तेंडुलकर ही सारी नावे एका अर्थाने स्थलांतराच्या पावत्या आहेत. ज्या किनारपट्टीत जमीन थोडी, तोंडे फार आणि पोटासाठी बाहेर पडणे हाच पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम, तेथे अशा नावांचे एवढे पीक यावे यात नवल नाही.

मात्र ही पावती वाचताना सावधगिरी हवी. शिरोडे एक वेंगुर्ले तालुक्यात आहे आणि दुसरे गोव्यात, फोंडे तालुक्यात. तेव्हा आडनाव ऐकून शिरोडकराचे मूळ गाव सांगू पाहणारा फसण्याचीच शक्यता अधिक. एकाच गावातून निरनिराळ्या जातींची, एकमेकांशी रक्ताचा संबंध नसलेली कुटुंबे बाहेर पडली आणि सर्वांना तेच नाव लागले. आडनाव एक म्हणून कूळ एक, हा निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही.

दुसरा मोठा वर्ग हुद्द्याच्या नावांचा. देशमुख, देसाई, देशपांडे, कुलकर्णी, पाटील, खोत ही वतनांची नावे होत. चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस यांतील 'नीस' हे फारसी 'नवीस'चे, म्हणजे लिहिणाऱ्याचे, मराठी रूप. थोडक्यात, ही आडनावे म्हणजे जुन्या राज्यव्यवस्थेचा नोकरपटच आहे. गंमत अशी की, ज्या आर्थिक हक्कांवर ही नावे उभी होती ते हक्क कायद्याने संपुष्टात आले. खोती रद्द करण्याचा कायदा १९४९ चा; परगणा व कुलकर्णी वतने गेली ती १९५० च्या कायद्याने; मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्याने गेले. वतन गेले, वसुली गेली, मान मात्र नावाच्या आधाराने मागे रेंगाळत राहिला. जी मालमत्ता कोणत्याही कायद्याला जप्त करता आली नाही, ती ही.

आडनाव किती कृत्रिम असू शकते हे पाहण्यास रेडीकरांना दूर जावे लागत नाही. लगतचा तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर असूनही गोव्यात मोडतो. त्या गोव्यात सोळाव्या शतकापासून धर्मांतर करणाऱ्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचे किंवा धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव मिळाले. फर्नांडिस किंवा डिसोझा या नावामागे पोर्तुगालचे रक्त शोधणे म्हणूनच व्यर्थ आहे. आणि शेजारच्या शिरोड्यात १९२० ते १९३८ या काळात शिक्षक असलेले वि. स. खांडेकर जन्मनावाने गणेश आत्माराम होते. चुलत्यांना दत्तक गेल्यावर ते विष्णू सखाराम झाले. दत्तविधानाबरोबर वारसा बदलतो. वारसा बदलला की कागदावरचे नाव आणि बापही बदलतो.

येथवरचे विवेचन कुतूहलाचे वाटेल. पण प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. डॉ. बाबासाहेबांच्या कुळाचे आडनाव सकपाळ. मंडणगड तालुक्यातील आंबडवे या मूळ गावाशी नाते सांगणारे नाव शाळेच्या दप्तरात नोंदले गेले, आणि आंबेडकर या रूपाने ते जगात गेले. ज्या दिवशी ते साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले तो ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. गावाच्या नावाने बनलेले आडनाव वरकरणी जात सांगत नाही, हा 'कर'चा एक मोठा सामाजिक गुण आहे. परंतु समाजाची चिकाटी अशी की, नावाने जे झाकले ते चौकशीने उघडे पाडल्याशिवाय तो राहत नाही. 'आडनाव काय?' या प्रश्नाने समाधान झाले नाही, तर 'मूळचे कुठले?' हा पुढचा प्रश्न ठरलेला.

या चौकशीची किंमत मोजताही आली आहे. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात व पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविण्यात आले होते. पात्रता तुल्य, फरक केवळ नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची संधी सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश भरली. बाजारपेठ गुण पाहते, कूळ पाहत नाही, असे आम्ही वर्गात शिकवितो. या आकड्यांपुढे ते विधान तसेच्या तसे उच्चारणे कठीण आहे.

पाळण्यातील नावाचीही हीच कथा. मुले जगत नसत त्या काळात दगडू, धोंडू, भिकाजी अशी नावे ठेवीत. मृत्यूने नजर लावू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणजे त्या नावांत माया होती. उलट 'नकुशी' या नावात मुलगी नको, हा घराचा हिशेब उघडपणे लिहिलेला आहे. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नाव बदलल्याने हुंडा थांबत नाही, हे खरे. तथापि, रोज हजेरीच्या वेळी 'नकुशी' अशी हाक ऐकून 'हजर' म्हणावे लागणे आणि ते न लागणे यांत अंतर आहेच.

नावाची रचनाही आता बदलते आहे. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत प्रथम बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला आहे. विवाहानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही. तरीही बँकेच्या खिडकीपासून शिधापत्रिकेपर्यंत तो अलिखित नियम चालू असतो. आता निदान मुलांच्या नावात आईला स्वतःच्या नावाने जागा मिळाली.

सारांश, नाव देवाने दिलेले नसते आणि आडनाव रक्तात नसते. ते गाव सोडणाऱ्याच्या पावलांनी, वतनाच्या सनदेने, पाद्र्याच्या पाण्याने आणि दप्तर लिहिणाऱ्याच्या लेखणीने घडते. यांपैकी पहिली तीन साधने बहुतेक इतिहासजमा झाली. चौथे अजून शिक्षकांच्या व कारकुनांच्या हाती आहे. एका अक्षराच्या चुकीने मुलाच्या नशिबी पुढे प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातील जाहिरात येते, हे या वाचकांना सांगावयास नको. तेव्हा नोंद करताना नाव नीट विचारून घ्यावे, आईचे नाव गाळू नये. आणि नाव लिहून झाल्यावर 'मूळचे कुठले?' हा प्रश्न तेथेच थांबवावा. कागदाला त्याची गरज नसते.