रसिक कोण? कॉफी, वाइन आणि व्हिस्कीवरील पुस्तके वाचताना

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला एका निवृत्त गृहस्थांनी आपला खाजगी संग्रह भेट दिला. ग्रंथालय समितीवर असल्यामुळे यादी करण्याचे काम माझ्याकडे आणि तृतीय वर्षाच्या चार विद्यार्थ्यांकडे आले. कादंबऱ्या, चरित्रे, थोडा इतिहास असे नेहमीचेच होते. एका खोक्यात मात्र नुसती पेयांवरची पुस्तके निघाली : कॉफी, वाइन, व्हिस्की. गुळगुळीत कागद, रंगीत नकाशे, पेल्यांची छायाचित्रे. एक विद्यार्थी म्हणाला, "सर, हे रद्दीतच घालू या. बाबासाहेबांनी दारू सोडायला सांगितली, आणि आपण तिची पुस्तके कपाटात लावायची?"

प्रश्न रास्त होता. १९५६ साली नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. मी स्वतः पीत नाही. आमच्या वस्तीत दारूने बसलेली घरे मी पाहिली आहेत, त्यामुळे या बाबतीत मला कोणी उदारपणा शिकवू नये. तरीही ते खोके मी रद्दीत जाऊ दिले नाही. उन्हाळ्याच्या सुटीत घरी नेले आणि वाचून काढले. त्या वाचनातून जे दिसले ते येथे मांडतो आहे, कारण त्याचा संबंध दारूपेक्षा आपल्या साहित्यविचाराशी अधिक आहे असे माझे मत झाले.

ही पुस्तके शौकिनांसाठी असतात. विल्यम यूकर्स या अमेरिकन संपादकाने सतरा वर्षे साहित्य जमवून १९२२ साली कॉफीवर एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्यू जॉन्सनचा वाइनचा नकाशासंग्रह १९७१ चा, मायकेल जॅक्सन (गायक नव्हे) यांचे माल्ट व्हिस्कीचे मार्गदर्शक पुस्तक १९८९ चे आणि जेम्स हॉफमनचा कॉफीचा नकाशासंग्रह २०१४ चा. माती कोणती, उतार कोणत्या दिशेला, समुद्रसपाटीपासून उंची किती, पाऊस कधी, द्राक्षाची जात कोणती, पिंप कोणत्या लाकडाचे, हे सारे त्यांत इतक्या बारकाईने येते की आपल्याकडच्या शेतीच्या पुस्तकांनी लाजावे. मग येते चव. तिच्यासाठी वेगळी भाषाच घडवलेली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत अ‍ॅन नोबल या संशोधक बाईंनी १९८४ साली वाइनच्या वासांचे एक चक्र तयार केले. मध्यभागी ढोबळ शब्द, जसे फळांचा, मसाल्याचा, मातीचा. बाहेरच्या कड्यात त्यांचे नेमके पोटभेद. हेतू असा की दोन माणसांनी एकच पेला हुंगला तर त्यांचे एकमेकांशी बोलणे जुळावे. कॉफीवाल्यांनीही पुढे असेच चक्र केले.

मला हे चक्र आवडले, हे कबूल करतो. चव ही उपजत देणगी नाही, ती शिकवता येते आणि शिकता येते, हे त्यात उघडपणे मान्य केलेले आहे. पण बाहेरच्या कड्यावरची निम्मी फळे आमच्यापैकी कोणी पाहिलेली नव्हती. एका मुलीने वहीत त्याच धर्तीचे आपले चक्र काढले. त्यात करवंद, जांभूळ, चुलीतला धूर, पहिल्या पावसाची माती आणि भिजलेले गोणपाट होते. आमची नाके काही कमी तयार नव्हती. त्यांची नोंद कुठल्या पानावर नव्हती, एवढेच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मराठी समीक्षेत 'रसिक' हा शब्द आपण सतत ऐकतो. हा शब्द जेवणाच्या पानावरून आलेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात रस म्हणजे काय हे समजावताना भोजनाचाच दाखला दिला आहे : नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाताना सुमनस पुरुष जसा रसांचा आस्वाद घेतो, तसा प्रेक्षक भावांचा घेतो. म्हणजे आपल्या सौंदर्यशास्त्राच्या मुळाशी एक जेवणारा माणूस बसलेला आहे. चुलीपाशी कोण आहे, लाकडे कोणी फोडली, खरकटे कोण उचलणार, हे त्या दाखल्यात विचारलेले नाही. वाइनचा शौकीन आणि आपला काव्यरसिक ही एकाच पंगतीतली माणसे आहेत. दलित साहित्यात 'अनुभव आहे, पण कला कुठे आहे' असे आपल्याला ऐकवले गेले, तेव्हा बोलणारा पानावर बसून बोलत होता.

अभिरुचीच्या प्रती लावण्याचा धंदा कसा चालतो, याचा सर्वांत उघडा नमुना वाइनच्या प्रत्येक पुस्तकात सापडतो. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दो या फ्रेंच प्रांतातील तांबड्या वाइनची प्रतवारी करण्यात आली. ती केली दलालांनी, आणि मुख्यतः त्या त्या वाइनला बाजारात मिळत आलेल्या भावावरून. पाच वर्ग पाडले गेले. (आपल्याला चारांची सवय आहे.) एक नाव लगेच पाचव्या वर्गात वाढवले गेले. त्यानंतर आजवर त्या तांबड्या वाइनच्या यादीत खरी बढती एकदाच झाली : १९७३ साली मूतों रोथशिल्ड ही वाइन दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात गेली, तीही मालकाने कित्येक वर्षे खटपट केल्यावर. गंमत अशी की हा दर्जा जमिनीला नसून घराण्याच्या नावाला आहे. वरच्या वर्गातल्या मालकाने त्याच गावकुळातली शेजारची साधी बाग विकत घेतली की तिथल्या द्राक्षांनाही वरचा दर्जा लाभतो. पुस्तके मात्र मातीचा महिमा गात राहतात. भावावरून प्रत ठरली, प्रतीवरून भाव टिकला, आणि दीडशे वर्षांनी तोच निसर्गनियम वाटू लागला. हे समजून घ्यायला आपल्या वाचकाला फ्रान्सला जाण्याची गरज नाही.

कॉफीची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. बाबा बुडन नावाच्या सुफी फकिराने सतराव्या शतकाच्या सुमारास येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, ही आख्यायिका बहुतेक पुस्तकांत येते. सात बिया मोजलेल्या आहेत. पुढे ज्यांनी लाखो झाडे लावली, त्यांना कोणी मोजले नाही. रॉबर्ट एलियट या इंग्रज मळेवाल्याने १८९४ साली म्हैसूरवर पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच सोने, शिकार आणि कॉफीची लागवड अशी तीन सुखे ओळीने मांडली आहेत. म्हैसूर, कूर्ग, वायनाडच्या मळ्यांत राबणाऱ्यांत अस्पृश्य जातींचे आणि आदिवासींचे प्रमाण मोठे होते. मुकादम गावोगाव फिरून उचल देई आणि उचलीपोटी कुटुंबेच्या कुटुंबे घेऊन जाई. मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराला ही पद्धत कुठल्या पुस्तकातून शिकावी लागत नाही.

समुद्रापलीकडेही तेच. १७९१ च्या बंडापूर्वी फ्रेंचांची सां-दोमँग ही एकटी वसाहत जगातली जवळजवळ निम्मी कॉफी पिकवीत होती, आणि ती पिकवणारे आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. त्या गुलामांनीच बंड करून १८०४ साली हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभे केले.

पण मला सर्वांत अधिक हलवून गेली ती व्हिस्कीची एक हकिगत. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या लिंचबर्ग गावची जॅक डॅनियल ही व्हिस्की जगप्रसिद्ध आहे. तिच्या अधिकृत कथेत अशी मांडणी असे की डॅन कॉल नावाच्या धर्मोपदेशकाने पोरक्या जॅकला दारू गाळायला शिकवले. मेपल लाकडाच्या कोळशातून मद्य झिरपवणे, गुहेतल्या झऱ्याचे पाणी, चौकोनी बाटली, या गोष्टी शौकिनांच्या तोंडी बसल्या. प्रत्यक्षात कॉलच्या भट्टीवर हात चालत होता तो निअरेस्ट ग्रीन या काळ्या गुलामाचा. जॅकचा गुरू तोच. १८६५ साली गुलामगिरी संपल्यावर जॅकने स्वतःची भट्टी काढली, तेव्हा तिचा पहिला मुख्य कारागीरही तोच झाला. त्याची मुले-नातवंडे पिढ्यान् पिढ्या त्याच कारखान्यात राबली.

हे कुणाला ठाऊक नव्हते असेही नाही. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या जॅक डॅनियलच्या चरित्रात निअरेस्टचे नाव पुन्हा पुन्हा येते. छापील पुस्तक होते, तरी ते नाव शौकिनांच्या गप्पांत उतरले नाही. २०१६ साली कारखान्याच्या दीडशेव्या वर्षी वृत्तपत्रात ही कथा आली. ती वाचून फॉन वीव्हर ही कृष्णवर्णीय लेखिका-उद्योजिका लिंचबर्गला गेली, कागदपत्रे धुंडाळली, ग्रीनच्या वंशजांना भेटली. आणि मग २०१७ साली कंपनीने त्याला आपला पहिला मुख्य कारागीर म्हणून रीतसर मान्यता दिली. निअरेस्टचे स्वतःचे छायाचित्र उपलब्ध नाही. जॅक डॅनियल आपल्या कामगारांत बसलेला असा एक जुना फोटो आहे. त्यात त्याच्या शेजारी बसलेला काळा माणूस निअरेस्टचा मुलगा जॉर्ज असावा असे मानतात. तो फोटो मी वर्गात दाखवला. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग एकाने विचारले, "सर, म्हणजे ज्ञान त्याचे आणि लेबल ह्याचे?"

येथे विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाकडे परत यावे लागते, कारण ज्याने दारू बनवली त्याचे नाव पुसले गेले, आणि ज्याला ती पाजली गेली त्याला मात्र 'दारुडा' हे नाव कायमचे चिकटले. दक्षिण आफ्रिकेत केप प्रांतातल्या द्राक्षमळ्यांवर मजुरीचा काही भाग वाइनच्याच रूपात देण्याची चाल होती. तिला 'डॉप' म्हणत. दिवसातून अनेकदा मजुराच्या टमरेलात हलकी वाइन ओतली जाई. कायद्याने बंदी आल्यावरही ती १९९० च्या दशकापर्यंत काही मळ्यांवर रेंगाळली. गर्भातच मद्याने बाधित झालेल्या मुलांचे प्रमाण जगात जिथे सर्वाधिक आढळले, त्यांत हा भाग आहे. याच केपची कॉन्स्टान्शिया वाइन युरोपातले राजेरजवाडे पीत, आणि वाइनची पुस्तके ते अभिमानाने सांगतात. त्या काळी केपमध्ये आणलेल्या गुलामांत बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरची आपली माणसेही होती.

आपल्याकडे मोहाचे काय झाले ते पाहा. ठाणे जिल्ह्यातला आणि दक्षिण गुजरातेतला आदिवासी आपली दारू आपण गाळीत असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने त्याची भट्टी गुन्हा ठरली. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरही निर्बंध आले. ज्याच्या दारात झाड, त्याने गुत्त्यावर जाऊन पैसे मोजायचे, नसल्यास उधारी, आणि उधारीपोटी जमीन. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ च्या आपल्या पुस्तकात १९२२-२३ च्या देवी चळवळीचा इतिहास सांगितला आहे : हजारो आदिवासी एकत्र जमले, दारू सोडली आणि गुत्तेवाल्या जमीनदारांकडे कामाला जाणे नाकारले. त्या दारू सोडण्यात सोवळेपणा शोधणाऱ्यांना ती चळवळ कळलेली नाही. नागपूरच्या प्रतिज्ञेकडेही मी याच अंगाने पाहतो.

सगळीच पुस्तके आंधळी आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्क पेंडरग्रास्ट यांच्या १९९९ च्या कॉफीच्या इतिहासात गुलाम आणि मळेमजूर येतात. ए. आर. वेंकटाचलपती यांनी तमिळ मुलखात कॉफी ही ब्राह्मणी प्रतिष्ठेची खूण कशी झाली ते दाखवले आहे. त्याच मुलखात हॉटेलांवर 'ब्राह्मण' अशी पाटी असे, आणि १९५७ साली पेरियारांच्या अनुयायांनी मद्रासच्या मुरली कॅफेपुढे ती पुसण्यासाठी सत्याग्रह केला. माझे वडील लहानपणी गावच्या हॉटेलात बाहेर वळचणीला ठेवलेल्या कपात चहा घेत आणि तो स्वतः विसळून परत ठेवीत. त्या चहाला वेलदोड्याचा वास येत असे, असे ते अजून सांगतात.

आणि एक पुस्तक या खोक्यात नव्हते, पण असायला हवे होते. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करून कामगारांना काढले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने १९५७ पासून त्या कामगारांनी सहकारी संस्था काढून इंडियन कॉफी हाऊस स्वतः चालवायला घेतले. केरळातल्या त्या चळवळीचा इतिहास कामगारांचे पुढारी नडक्कल परमेश्वरन पिळ्ळै यांनी मल्याळममध्ये लिहिला आहे. तो मराठीत यावा. मल्याळम जाणणारा कोणी मित्र हे वाचत असेल तर त्याने मनावर घ्यावे.

खोक्यातली पुस्तके शेवटी कपाटात लागली. ड्यूईच्या वर्गीकरणात पेये ६४१.२ मध्ये जातात आणि श्रमिकांचा प्रश्न ३३१ मध्ये. आमच्या ग्रंथालयात ही दोन कपाटे दोन वेगळ्या खोल्यांत आहेत. ग्रंथपालांची परवानगी घेऊन त्या चार विद्यार्थ्यांनी प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर एक चिठ्ठी डकवली : 'पाहा : ३३१, पलीकडची खोली.' जॅक डॅनियलचा उल्लेख असलेल्या पुस्तकावर त्या मुलीने शाईने आणखी एक ओळ लिहिली आहे. त्यात फक्त निअरेस्ट ग्रीनचे नाव आहे.