तोच प्रश्न, दर पावसाळ्यात
‘गाजरगवत कसे घालवावे?’ पावसाळा आला की हाच प्रश्न पुन्हा येतो आणि विस्तार कार्यकर्ता कंटाळतो. १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंद झालेल्या या तणाचे एक झाड हजारो बिया टाकते. त्या जमिनीत टिकून राहतात व पाऊस पडताच उगवतात. प्रश्न परत येतो तो याच कारणाने, शेतकऱ्याच्या विसराळूपणामुळे नव्हे. म्हणूनच जबलपूरचे तण संशोधन संचालनालय दर ऑगस्टमध्ये गाजरगवत जागृती सप्ताह पाळते. फुलोऱ्यापूर्वी हातमोजे घालून झाडे समूळ उपटणे, मेक्सिकन भुंगे सोडणे, हे उत्तर जुनेच आहे. विचारणारा मात्र कदाचित प्रथमच विचारत असतो. ते त्रासून दिले, तर तो पुन्हा विचारणार नाही आणि गवत फुलावर येईल.