टाकीतला खेकडा

पंचगंगेत केंदाळ दाटलं की आमच्या गल्लीत एकच चर्चा, काढणार कधी? मला मात्र ते आलं कसं, हेच आठवतं. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. फुलं देखणी, म्हणून हौसेनं आणलं आणि बोकांडी बसलं. समुद्रातही हेच होतं, फक्त तिथं हौस कुणाचीच नसते.

मी कोल्हापूरचा, पण बावीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. माल उतरला की जहाज हलकं होऊन डुलतं. मग टाक्यांत बंदरातलंच पाणी भरायचं, पुढच्या बंदरात माल चढताना सोडून द्यायचं. हे बॅलास्ट. एकदा ड्रायडॉकला रिकाम्या टाकीत उतरलो, तर तळाला घोटाभर चिखल आणि त्यात नखाएवढा खेकडा, जिवंत. कुठल्या बंदराचा, देव जाणे.

कॅरिबियनकडचा मायटिलॉप्सिस सॅली हा शिंपला १९६७ मध्ये विशाखापट्टणमला आढळला, पुढं मुंबईच्या गोदीतही. जीव बोटाच्या पेराएवढा, पण थरावर थर चढवून पाइप बुजवतो. पाइप बुजले की इंजिन कसं तापतं, हे मी भोगलंय. १९९९ मध्ये तोच ऑस्ट्रेलियात डार्विनला निघाला. सहा महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो नव्हता, म्हणजे नुकताच आलेला. त्यांनी नौकांच्या गोद्या बंद करून ब्लीच आणि मोरचूद ओतलं. संपवला!

तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद लगेच ओळखतो, कारण जुने सगळे तोंडपाठ. बंदराचंही तसंच. ग्लोबॅलास्ट या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमातल्या सहा बंदरांत मुंबई होती. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं मुंबई आणि जेएनपीटीतल्या जिवांची हजेरी मांडली. धक्क्याच्या खांबांवरचं खरवडायचं, तळाचा गाळ उपसायचा, बारीक जाळीनं पाणी गाळायचं. दोरीला पाट्या टांगून काही महिन्यांनी त्यांवर काय बसलंय ते भिंगाखाली मोजायचं. कंटाळवाणं काम, आणि त्याला कुणी हार घालत नाही.

२०१७ पासून बॅलास्टचा जागतिक करार लागू आहे. सोडायच्या पाण्यात, हजार लिटरमागं, ५० मायक्रॉन आणि त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी हवेत. त्यासाठी जहाजांवर आता फिल्टर आणि अतिनील दिवे आलेत. बुडाला चिकटून येणाऱ्यांना मात्र हा करार लागू नाही. ते सापडले तर त्या पाटीवरच.